कुमुद, उत्पल आणि कमल : झाडीपट्टीतील एका तळ्याकाठी झालेली द्रव्यओळख



जलज वनस्पतींची नावे आपण पदवीच्या पहिल्या वर्षापासून पाठ करतो. परंतु कुमुद, उत्पल, नलिन, सौगंधिक, पुंडरीक, कुवलय ही नावे झरझर म्हणणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ही फुले पाण्यात उभी असलेली पाहिली आहेत? प्रस्तुत लेखक स्वतः अनेक वर्षे न पाहणाऱ्यांत मोडत होता. औषधी व्यापाऱ्याकडून येणारी पुडी, तिच्यावरील चिठ्ठी आणि ग्रंथातील गुणकर्म एवढ्यावरच व्यवसाय चालला होता. एका रुग्णाच्या निमित्ताने हा क्रम मोडला. तो अनुभव आणि त्यातून हाती आलेली काही व्यवहारोपयोगी माहिती चिकित्सक व औषधनिर्माते या दोहोंपुढे ठेवावी, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रसंग असा

रक्तार्शाचा एक रुग्ण माझ्याकडे येत असे. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानातील अर्श अध्यायात केसर, नवनीत व शर्करा यांच्या नित्य सेवनाने रक्तार्श शमतात असे सांगितले आहे. त्यानुसार कमलकेसर लोणी-साखरेबरोबर सुरू केले. पथ्य रुग्ण काटेकोर पाळत होता. तीन आठवडे झाले तरी स्राव कमी होईना. प्रथम रुग्णास शल्यतज्ज्ञांकडे पाठवून गुदमार्गातील अन्य गंभीर विकार नाही याची खात्री करून घेतली. त्यानंतर मन ग्रंथाविषयी शंका घेऊ लागले. तेवढ्यात सहज म्हणून पुडीतील चिमूटभर द्रव्य कोमट पाण्यात भिजत घातले. अर्ध्या तासाने जे उलगडले त्यात केसर थोडे होते. बहुतांश भाग पाकळ्यांचे बारीक तुकडे, देठाचा भुगा व तळाशी बसलेला गाळ असा होता. ग्रंथ खोटा ठरला नव्हता, ग्रंथातील द्रव्य रुग्णाच्या पोटात गेलेच नव्हते. ते न तपासता देणारा मी स्वतः होतो, म्हणून दोष व्यापाऱ्याइतकाच माझाही होता.

त्याच वर्षी आश्विनात एका मित्राच्या आग्रहावरून नागभीड तालुक्यातील एक जुना तलाव पाहण्याचा योग आला.

तलावांचा मुलूख

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया व नागपूरचा काही भाग हा तलावांचा मुलूख होय. गोंड राजवटीत व पुढे मालगुजारीच्या काळात येथे धानशेतीसाठी सहा हजारांहून अधिक तलाव बांधले गेले. पाण्याचा उतार ओळखून पाळ घालण्याच्या कामात कोहळी समाजाचा हातखंडा होता. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली व हे तलाव शासनाकडे गेले. आजही लोक त्यांना माजी मालगुजारी तलाव किंवा थोडक्यात मामा तलाव म्हणतात. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली, तसेच गडचिरोलीतील आरमोरी, कुरखेडा या तालुक्यांत गावागणिक असा एखादा तरी तलाव दिसतो. तलावाचा जो भाग उथळ, जेथे पाणी दीड-दोन मीटरांहून खोल नाही व तळाशी मऊ गाळ आहे, तेथे पावसाळा ओसरता ओसरता ही फुले येऊ लागतात.

चंद्रपूर शहराच्या स्थापनेची कथाही वैद्याने लक्षात ठेवावी अशी आहे. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाच्या अंगावर खांडके होती व झरपट नदीच्या पात्रातील एका कुंडाच्या पाण्याने ती बरी झाली, म्हणून तेथे अचलेश्वराचे मंदिर उभे राहिले व बल्लारपूरची राजधानी चंद्रपुरास आली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेची चिकित्सा येथे करावयाची नाही. पाणी रोग घालविते तसे रोग आणतेही, हे या मुलुखाला जुन्या काळापासून ठाऊक आहे, एवढे त्यातून घ्यावे.

तळ्यावर काय दिसले

आम्ही पहिल्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास पोहोचलो. तळ्याच्या एका कोपऱ्यात फिकट निळी फुले उमललेली होती. उरलेल्या मोठ्या भागात पांढुरक्या कळ्याच कळ्या होत्या. मला वाटले, हंगाम अजून भरात यावयाचा आहे. सोबत ढिवर समाजातील एक वयोवृद्ध गृहस्थ होते. ते हसून म्हणाले, "कळ्या नाहीत जी त्या डॉक्टरसाहेब. रातच्याला फुलून झोपल्या आता. उद्या सकाळी या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तेच तळे ओळखू येईना. पांढरी व गुलाबी फुले अजून मिटावयाची होती आणि निळी नुकतीच उमलत होती. काव्यांतून चंद्रविकासी कुमुद व सूर्यविकासी कमल असा भेद आपण वाचलेला असतो. तो कविसंकेत नसून निरीक्षण आहे, हे त्या वेळी उमगले. गावात मात्र दोन्हींना सरसकट कमळच म्हणतात. गोळा करणाऱ्याच्या तोंडी एकच नाव असेल, तर व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवर दोन नावे कोठून येतात, हा प्रश्न तेथेच मनात आला.

भेद कसा ओळखावा

कमल म्हणजे नेलुम्बो न्युसिफेरा. कुमुद व उत्पल ही निम्फिया या वंशातील आहेत. दिसण्यात साम्य असले तरी आधुनिक वनस्पतिशास्त्रानुसार ही दोन कुले एकमेकांपासून फार दूरची आहेत.

कमल : पान पूर्ण गोल असून देठ त्याच्या मध्यभागी जोडलेला असतो. पाने व फुले पाण्याच्या वर उंच येतात. देठावर बारीक काटे असतात. पानावर पाणी ठरत नाही. या गुणाची सूक्ष्म कारणमीमांसा १९९७ साली बार्थलॉट व नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. फुलाच्या मध्यभागी सपाट माथ्याची कर्णिका असते व तिच्या खळग्यांत कमळगट्टे तयार होतात.

नीलोत्पल : निम्फिया नौचाली. आपल्या ग्रंथांत व जुन्या पाठ्यपुस्तकांत निम्फिया स्टेलाटा हे जे नाव येते ते याचेच पर्यायनाम होय. पान पाण्यावर तरंगते व देठाच्या बाजूस त्याला खोल खाच असते. कडा वेड्यावाकड्या नागमोडी असतात. फूल फिकट निळे, जांभळट, क्वचित पांढरेही असते. सकाळी ऊन वर आल्यावर ते उमलते व दुपार कलल्यावर मिटते. पुंकेसराच्या टोकाला लहानसे शेपटासारखे उपांग असते.

कुमुद : आपल्या भागातील तळ्यांत कुमुद म्हणून जे दिसते ते प्रायः निम्फिया प्युबेसेन्स होय. पानाच्या कडा टोकदार दातांच्या असून पालथी बाजू लवयुक्त असते. फूल पांढरे ते गुलाबी, सायंकाळी उमलणारे व दुसऱ्या दिवशी सकाळ सरता सरता मिटणारे असते. पुंकेसराच्या टोकाला उपांग नसते. गडद लाल फुलांचा निम्फिया रुब्रा हा प्रकार रक्तोत्पल म्हणून घेतला जातो. अनेक पुस्तकांत कुमुदासाठी निम्फिया आल्बा हे नाव दिलेले असते, पण ती काश्मीरसारख्या शीत प्रदेशातील जाती आहे. विदर्भातील पांढरे फूल पाहून ते नाव लिहू नये.

फळाचा भेद तर अगदी सोपा आहे. कमळाचे फळ पाण्याच्या वर वाळते. कुमुद-उत्पलाचे फळ पाण्याखाली ओढले जाते, तेथेच पिकते व त्यात मोहरीसारखे बारीक बी असते. त्यामुळे कमळगट्ट्यात फसवणूक कठीण असते, फुलात व केसरात सोपी.

नावाचा घोटाळा केवळ आपल्याच भागात आहे असे नव्हे. सातारा जिल्ह्यातील कास पठारावरील कुमुदिनी तलाव सर्वांना परिचित आहे. तेथील झालरीदार पांढऱ्या फुलांची कुमुदिनी म्हणजे निम्फॉइडिस इंडिका होय. तिचे कुल निराळे, फूल नाण्याएवढे. नाव कुमुदिनी असले तरी ती ग्रंथोक्त कुमुद नव्हे.

ग्रंथ काय म्हणतात

चरकसंहितेत मूत्रविरजनीय दशेमानीत पद्म, उत्पल, नलिन, कुमुद, सौगंधिक, पुंडरीक व शतपत्र ही सात जलजे एकत्र आली आहेत. सुश्रुताचार्यांचा उत्पलादी गण उत्पल, रक्तोत्पल, कुमुद, सौगंधिक, कुवलय, पुंडरीक व मधुक यांचा असून तो दाह, रक्तपित्त, तृष्णा, विष, हृद्रोग, छर्दी व मूर्च्छा यांवर सांगितला आहे. चरक सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात, अग्र्य द्रव्यांच्या यादीत, उत्पल, कुमुद व पद्म यांचे किंजल्क संग्राहक व रक्तपित्तप्रशमन द्रव्यांत श्रेष्ठ म्हटले आहे.

हा शेवटचा उल्लेख माझ्या प्रसंगाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरला. आचार्यांनी तिन्ही फुलांचे किंजल्क एकाच पंक्तीत बसविले आहेत. म्हणजे कमळाच्या केसरात चुकून कुमुदाचे केसर आले, तर रक्तस्तंभनाच्या दृष्टीने ते आचार्यांना अगदीच अमान्य झाले नसते. परंतु किंजल्काच्या जागी पाकळी व देठ आले, तर त्या अग्र्यत्वाचा आधारच जातो. आपण बाजारात जाती-जातींच्या भेसळीवर जितके बोलतो, तितके अंगाच्या भेसळीवर बोलत नाही. प्रत्यक्षात प्रयोज्य अंग बदलणे हा मोठा दोष आहे, कारण केसर थोडे निघते, ते वेचण्यास वेळ लागतो, म्हणून ते महाग पडते आणि त्यामुळेच त्यात वजन वाढविण्याचा मोह होतो.

अंग बदलले की गुण कसा बदलतो, हे या वनस्पतीइतके स्पष्ट क्वचितच दिसते. फूल लघु-शीत व पित्तघ्न, पण कंद म्हणजे शालूक गुरू, दुर्जर व विष्टंभी. शालूक व बिस यांचे सेवन गुरुत्वामुळे नित्य करू नये असा चरकाचा स्पष्ट निर्देश आहे. कुमुद-उत्पलाचे नालही शीत असले तरी कफवातकर सांगितले आहेत. शीतल म्हणून फुलाऐवजी नाल-कंद चालेल, असे समीकरण मांडणे शास्त्राला धरून नाही.

औषधनिर्मात्यांच्या दृष्टीने पाहता अरविंदासव, उशीरासव व चंदनासव या तिन्ही आसवांत नीलोत्पल हा घटक आहे. अरविंदासव तर बालकांसाठी वापरले जाते. आसवात द्रव्य विरघळून गेल्यावर त्याची ओळख पटविणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून ओळख गोदामाच्या दारातच व्हावी लागते.

कोमट पाण्याची परीक्षा

ज्यांच्याकडे प्रयोगशाळा नाही अशा लहान औषधालयांनीही पुढील परीक्षा करावी. वाळलेली आठ-दहा फुले कोमट पाण्यात अर्धा ते एक तास भिजवावीत व भिंगाखाली उलगडावीत. मध्यभागी खळगे असलेली सपाट कर्णिका दिसली तर कमल. खळगे नसून वाटीसारख्या भागावर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे किरणाकार रेषा दिसल्या तर कुमुद किंवा उत्पल. त्यांतही पुंकेसराच्या टोकाला उपांग असल्यास उत्पल, नसल्यास कुमुद. पुडीत अखंड फूल मुळीच नसून केवळ चुरा असेल, तर तो परत करावा. ओळख पटत नाही एवढे कारण त्यासाठी पुरेसे आहे. केसर भिजविल्यावर तळाशी गाळ बसत असेल तर आम्ल-अविद्राव्य भस्माची परीक्षा अवश्य करून घ्यावी.

पाणी कोणते?

जाती व अंग यांनंतरचा तिसरा प्रश्न पाण्याचा आहे व तो आज सर्वांत गंभीर आहे. सुश्रुताचार्यांनी गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय सांगितले आहेत. त्यांत कतक, गोमेदक, शैवालमूल, वस्त्र, मुक्ता, मणी यांच्याबरोबर बिसग्रंथी आहे. कमळाचा कंद पाणी शुद्ध करतो हे निरीक्षण किती अचूक होते, हे आजच्या संशोधनातून दिसते. या वर्गातील वनस्पती पाण्यातील व गाळातील जड धातू शोषून मुळांत व कंदांत साठवितात. पण जे पाण्यातून निघाले ते नाहीसे झाले नाही, ते वनस्पतीत गेले. पाणी शुद्ध करणारे द्रव्य स्वतः अशुद्ध होते, ही या गुणाची दुसरी बाजू आहे.

चंद्रपूरच्या बाबतीत हा विचार टाळता येत नाही. औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी व सिमेंट कारखाने यांमुळे २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून ते देशात चौथ्या क्रमांकावर होते. शहरातील रामाळा तलाव सांडपाणी व जलपर्णी यांनी ग्रासला होता. त्याच्या शुद्धीसाठी २०२१ च्या आरंभी इको-प्रो संस्थेला उपोषणाचा मार्ग घ्यावा लागला. अशा पाण्यातील फूल कितीही सुंदर असले तरी औषधास वर्ज्य समजावे. ग्रामीण तलावांतही धानाच्या बांध्यांतून येणारी कीटकनाशके विसरून चालणार नाही.

कच्च्या द्रव्यासाठी शिसे १०, कॅडमियम ०.३, आर्सेनिक ३ व पारा १ भाग प्रति दशलक्ष या मर्यादा आपल्याला परिचित आहेत. इतर द्रव्यांची चाचणी वर्षातून एकदा होत असेल, तर जलजांची प्रत्येक खेपेस व्हावी, विशेषतः कंद वापरावयाचा असल्यास.

तलाव राहिला तर द्रव्य राहील

त्या ढिवर गृहस्थांनी बोलता बोलता सांगितले की त्यांच्या लहानपणी फुले तळ्याच्या निम्म्या भागावर असत, आता एका कडेला उरली आहेत. कारणे अनेक आहेत. पाळीलगत बेशरम माजला आहे. गाळाने उथळ झालेला भाग उन्हाळ्यात लवकर कोरडा पडतो. पाणवनस्पतींवर जगणारा ग्रास कार्प मासा तळ्यांत सोडला गेला की कोवळी पाने उरत नाहीत. शिंगाड्याची लागवड करणाऱ्यास ही फुले तण वाटतात, व त्याच्या दृष्टीने ते चूकही नाही. त्या फुलांना जोवर किंमत नाही, तोवर ती कोण राखणार?

येथे आपला संबंध येतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात मासे व जलाशयातील इतर उत्पादनांवरील सामूहिक हक्काचा समावेश आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला व गावाने आपले वनोत्पादन स्वतः विकण्याचा मार्ग घालून दिला. आपल्या औषधालयांनी तीन-चार गावांच्या ग्रामसभांशी किंवा मच्छीमार संस्थांशी थेट व्यवहार केला, तर केसराला योग्य दर, द्रव्याला ओळख व तलावाला राखणदार अशा तिन्ही गोष्टी साधतील. कंद न उपटता केवळ फुले घ्यावीत व किमान एक तृतीयांश फुले बीजासाठी सोडावीत, अशी अट खरेदीतच घालावी. ताडोबा राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या हद्दीतील तलावांतून मात्र पाकळीही घेता येत नाही, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे.

भेट देऊ इच्छिणाऱ्यांसाठी

भाद्रपद उत्तरार्ध ते कार्तिक हा काळ चांगला. सकाळी आठ ते दहा ही वेळ साधावी, कारण तेव्हा कुमुद व उत्पल दोन्ही उमललेली सापडतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड परिसरात वाघांचा वावर गावालगत असतो. त्यामुळे कुमुद उमलताना पाहण्याच्या हौसेने सायंकाळी अथवा पहाटेच्या अंधारात पाळीवर एकट्याने जाऊ नये. पाण्यात स्वतः उतरू नये. देठांच्या जाळ्यात पाय अडकतो व गाळाचा अंदाज येत नाही. स्थानिकांच्या डोंग्यातून, त्यांच्या सल्ल्याने जावे व त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा. सोबत भिंग, वही व पांढरे कापड ठेवावे.

शरदात पित्ताचा प्रकोप होतो. त्याच ऋतूत सूर्याने तापलेले, चंद्राने निवलेले व अगस्त्योदयाने निर्विष झालेले हंसोदक सांगितले आहे, आणि त्याच ऋतूत पित्तशामक कुमुद-उत्पल फुलतात. पुष्पे त्यांच्या ऋतूतच घ्यावीत हा चरकाचा नियम येथे रोग, काल व द्रव्य या तिन्हींना एकत्र आणतो. मात्र त्याच शास्त्राने चिखल, शेवाळ व पद्मपत्रांनी झाकलेले, ऊन-वारा न लागणारे पाणी दूषित म्हटले आहे, हेही विसरू नये. हंसोदक म्हणावे अशी तळी आता शोधावी लागतात.

त्या रुग्णाविषयी सांगून लेख पुरा करतो. परत आल्यावर मी केसर स्वतः वेचून घेतलेल्या फुलांचे दिले. दुसऱ्या आठवड्यापासून स्राव कमी झाला. एका रुग्णावरून सिद्धांत मांडू नये, पथ्याचा व काळाचाही त्यात वाटा असेल. पण त्यानंतर माझ्या औषधालयात जलज द्रव्याची एकही पुडी भिजवून पाहिल्याशिवाय बरणीत गेलेली नाही. कोणती जाती, कोणते अंग, कोणते पाणी, हे तीन प्रश्न प्रत्येक खरेदीच्या वेळी आपण सर्वांनी विचारावेत, ही नम्र विनंती.

इत्यलम्।